घटना एक, खटले किती?

कृष्णा, कोयना, येरळा आणि माणगंगा या नद्यांच्या काठच्या गावांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. रात्री वाळू भरलेला ट्रॅक्टर तलाठ्याने पकडला, तहसीलदाराने दंड लावला. मालकाने उसनवारी करून तो भरला आणि ट्रॅक्टर सोडवून आणला. प्रकरण मिटले असे घरच्यांना वाटत असतानाच पोलीस ठाण्यातून बोलावणे येते, वाळूचोरीचा गुन्हा नोंद झाला आहे म्हणून. मालक वकिलाला विचारतो, "साहेब, दंड भरलाय की. एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा कुठं असते का?"

प्रश्न रास्त आहे. एकाच अपराधाबद्दल माणसाला पुन्हा पुन्हा कोर्टात ओढू नये, हे तत्त्व भारतीय राज्यघटनेनेच मान्य केले आहे. तरीही वाळूचा तो दुसरा गुन्हा कायद्यात टिकतो. हे कसे, ते समजून घ्यायला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली शिक्षा कोणी केली, दुसरा खटला कोणत्या गुन्ह्याचा आहे आणि पहिले प्रकरण खरोखर संपले होते का.

१. दंड कोणी केला?

६ नोव्हेंबर १९४९ रोजी जेद्दाहून आलेला मकबूल हुसेन नावाचा प्रवासी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उतरला. सोने आणल्याचे त्याने सांगितले नाही. झडतीत १०७.२ तोळे सोने सापडले. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी ते जप्त केले आणि १२ हजार रुपये भरून ते सोडवून नेण्याची मुभा दिली. काही महिन्यांनी त्याच सोन्यावरून मुंबईच्या मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे परकीय चलन कायद्याखाली खटला दाखल झाला. सोने गेलेच आहे, आता तुरुंगही का, असा त्याचा सवाल होता.

१७ एप्रिल १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, ते आजही पायाभूत मानले जाते. घटनेच्या कलम २०(२) मधले संरक्षण मिळायला आधीची कारवाई न्यायालयासमोर किंवा न्यायालयासारख्या अधिकारमंडळासमोर झालेली असावी लागते. तिथे फौजदारी आरोप ठेवलेला असावा, खटला चाललेला असावा आणि शिक्षा झालेली असावी. कस्टम अधिकारी महसूल सांभाळतो, तो न्यायालय नव्हे. त्याने माल जप्त केला म्हणून आरोपी 'एकदा खटला चालून शिक्षा झालेला' ठरत नाही.

वाळूच्या ट्रॅक्टरचे अर्धे उत्तर इथेच मिळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तहसीलदार वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करू शकतो, वाहनही अडकवून ठेवू शकतो. रक्कम मोठी असते, कुटुंब कर्जात जाते. पण कायद्याच्या हिशेबी ती महसुली कारवाई आहे, फौजदारी शिक्षा नव्हे. हा भेद दंड भरणाऱ्याला सहज पटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. खिशातून गेलेले पैसे कोणत्या कलमाखाली गेले यावरून त्याचा भार कमी होत नाही.

हाच नियम इतरत्रही लागतो. अपघातानंतर एसटीच्या चालकाची खातेनिहाय चौकशी होऊन त्याला कामावरून काढले, तरी फौजदारी खटला स्वतंत्र चालतो. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा झाली तेव्हा हाच मुद्दा पुढे आला होता. मसुद्यात फक्त दुहेरी शिक्षेला मनाई होती. तसेच ठेवले असते तर खात्याने कारवाई केलेला नोकर खटल्यातून सुटण्याचा धोका होता, म्हणून 'खटला चालवणे' हा भाग दुरुस्तीने जोडला गेला.

गावकीने दंड बसवला, जातपंचायतीने वाळीत टाकले, तर तीही शिक्षा कायद्याच्या लेखी नाही. उलट सामाजिक बहिष्कार घालणे हाच महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. चौकशी आयोगाचेही तसेच. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० भाविकांचा जीव गेला. सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला. असा आयोग कारणे शोधतो, शिफारशी करतो. त्याने एखाद्यावर ठपका ठेवला तर ती शिक्षा होत नाही, आणि ठपका ठेवला नाही तर ती निर्दोष मुक्तताही होत नाही.

२. सुटलेल्या माणसाचे काय?

घटनेचे कलम नीट वाचले की एक उणीव दिसते. ते खटला चालून शिक्षा झालेल्याला संरक्षण देते. मग खटला चालून जो निर्दोष सुटला, त्याला पुन्हा पकडता येईल का?

येत नाही, कारण दुसरे आणि अधिक रुंद संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे. १९७३ च्या संहितेत ते कलम ३०० होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३३७ आहे. सक्षम न्यायालयाने दोषी ठरवलेला असो वा निर्दोष सोडलेला असो, तो निकाल कायम असेपर्यंत त्याच अपराधासाठी त्याच्यावर पुन्हा खटला चालवता येत नाही. रोजच्या कोर्टकामात हेच कलम उपयोगी पडते, घटनेचे कलम क्वचित.

शिवाय हे कलम एक पाऊल पुढे जाते. त्याच वस्तुस्थितीवरून पहिल्या वेळी जो पर्यायी आरोप ठेवता आला असता, तोही नंतर ठेवता येत नाही. कायद्यातच उदाहरण दिले आहे. नोकराने मालकाची चोरी केली असा खटला चालला आणि तो सुटला. आता त्याच वस्तुस्थितीवर साध्या चोरीचा किंवा अपहाराचा नवा खटला लावता येणार नाही. सरकारने एक नाव देऊन हरल्यावर दुसरे नाव देऊन पुन्हा डाव मांडायचा, हा मार्ग बंद केला आहे.

३. घटना वेगळी, गुन्हा वेगळा

आता मुख्य गोष्ट. दोन्ही कलमांत शब्द आहे तो 'अपराध'. 'घटना' हा शब्द नाही. बहुतेक गैरसमज इथून सुरू होतात.

प्रत्येक अपराधाचे काही घटक असतात आणि ते सगळे सिद्ध झाले तरच तो अपराध पूर्ण होतो. एकाच डब्यातल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी होते आणि थालीपीठही. पीठ दोन्हींत आहे म्हणून दोन्ही पदार्थ एक ठरत नाहीत, थालीपिठाला कांदा, तिखट, मीठ लागते. दोन अपराधांचेही असेच पाहायचे. प्रत्येकात दुसऱ्यात नसलेला एखादा घटक असेल तर ते दोन वेगळे अपराध, मग ते एकाच कृतीतून घडलेले का असेनात.

ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर १९६० रोजी मुंबई राज्य विरुद्ध एस. एल. आपटे या खटल्यात मांडली. आपटे हे एका विमा कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक. कंपनीच्या पैशांबाबत त्यांच्यावर दंड संहितेखाली अपहाराचा आणि विमा कायद्याखाली कंपनीची मालमत्ता गैररीतीने ताब्यात घेतल्याचा, असे दोन आरोप होते. मुंबई उच्च न्यायालयाला वाटले की दुसरी शिक्षा दुहेरी ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. अपहारात मालमत्ता विश्वासाने सोपवलेली असावी लागते आणि अप्रामाणिक हेतू लागतो, विमा कायद्याच्या कलमाला त्या गोष्टी लागत नाहीत. पैसे तेच, कागद तेच, पण अपराध दोन.

वाळूच्या प्रश्नाचे उरलेले उत्तरही याच कसोटीतून येते. परवान्याशिवाय उत्खनन करणे हा खाणी व खनिजे कायद्याखालचा अपराध आहे. नदीच्या पात्रातली वाळू सरकारची, ती संमतीवाचून अप्रामाणिकपणे उचलून नेणे ही चोरी. ४ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्ली सरकार विरुद्ध संजय या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की खाण कायदा आहे म्हणून चोरीचा खटला अडत नाही. हा निकाल बव्हंशी यमुनेच्या वाळूवरचा, पण तो कृष्णेकाठालाही तितकाच लागू आहे. नद्यांची पात्रे ज्या वेगाने खरवडली गेली ते पाहता हा निकाल योग्यच म्हणावा लागेल.

दोन घटनाच वेगळ्या असतील तर प्रश्न उरतच नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. या पाचांपैकी काहींवर कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या २०१५ मधल्या हत्येचाही आरोप आहे. एका खटल्यातल्या शिक्षेने किंवा मुक्ततेने दुसरा खटला संपत नाही, कारण हत्या वेगळी आहे.

४. नाशिकची गोळी आणि तीन खटले

एका घटनेतून किती खटले निघू शकतात आणि त्याचा माणसाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, याचे मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचे उदाहरण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. पहिला खटला खुनाचा. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

ज्या पिस्तुलाने खून झाला, ते लंडनहून आले होते. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या दुहेरी तळात लपवून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला पाठवली होती, आणि पाठवणारे होते विनायक दामोदर सावरकर. मार्च १९१० मध्ये त्यांना लंडनमध्ये अटक झाली. जुलैमध्ये मार्सेलिसला त्यांनी बोटीतून समुद्रात उडी मारली, पुन्हा पकडले गेले आणि मुंबईला आणले गेले.

तिथे उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायपीठापुढे ३८ आरोपींचा नाशिक कट खटला चालला. मुख्य न्यायाधीश सर बेसिल स्कॉट, न्या. नारायण गणेश चंदावरकर आणि न्या. हीटन हे ते न्यायाधीश. आरोप होता सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा कट आणि त्याला चिथावणी. डिसेंबर १९१० मध्ये सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. महिन्याभरात तिसरा खटला उभा राहिला, जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याचा. ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी जन्मठेप झाली. दोन्ही शिक्षा एकामागून एक भोगायच्या होत्या. प्रत्येकी पंचवीस वर्षे धरून सुटकेचे साल ठरले १९६०. तेव्हा सावरकर सत्तावीस वर्षांचे होते.

पिस्तुले पाठवणे ही गोष्ट दोन्ही खटल्यांत पुरावा म्हणून आली. मग हे दुहेरी नव्हे का? घटकांच्या कसोटीवर पाहिले तर नाही. युद्धाच्या कटासाठी कोणाचा खून व्हावाच लागत नाही. खुनाच्या साहाय्यासाठी खून लागतो, पण राज्य उलथण्याचा कट लागत नाही. प्रत्येकात दुसऱ्यात नसलेले काही आहे. पुरावा सामाईक असला तरी अपराध दोन ठरतात.

तरी आजचा कायदा दोन ठिकाणी वेगळा वागला असता. पहिले असे की, एकाच घटनाक्रमातला जो वेगळा अपराध पहिल्याच खटल्यात सोबत चालवता आला असता, तो नंतर स्वतंत्रपणे चालवायचा असेल तर आता राज्य सरकारची संमती लागते. ही अट १९७३ च्या संहितेने घातली. पोलिसांनी किंवा फिर्यादीने आरोप राखून ठेवायचे, एकेक करून बाहेर काढायचे आणि माणसाला वर्षानुवर्षे कोर्टात फिरवायचे, या वागण्याला तिने लगाम घातला. दुसरे म्हणजे, जन्मठेप भोगणाऱ्याला नंतर दुसरी जन्मठेप झाली तर ती पहिलीसोबतच चालते, असे आता संहितेतच लिहिले आहे. १९ जुलै २०१६ रोजी मुथुरामलिंगम खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तत्त्वही सांगितले. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य, आणि आयुष्य एकच असल्याने जन्मठेपा एकामागून एक लावता येत नाहीत. पन्नास वर्षांचा तो हिशेब आज कोणत्याही भारतीय न्यायालयाला मांडता येणार नाही.

५. पन्नास काठ्यांचे पन्नास गुन्हे?

अपराध वेगळे म्हणून शिक्षेचा ढीग रचता येतो का? दंड संहिता करणाऱ्यांनी याचा विचार १८६० मध्येच केला होता. त्यांचे उदाहरण असे. एकाने दुसऱ्याला काठीचे पन्नास फटके मारले. प्रत्येक फटका म्हणजे मारहाण आणि प्रत्येकाला एक वर्ष, असे धरले तर पन्नास वर्षे कैद होईल. म्हणून कायदा सांगतो की अख्ख्या मारहाणीची शिक्षा एकच. पण मध्ये सोडवायला आलेल्या तिसऱ्याला मुद्दाम फटका मारला, तर तो वेगळा अपराध आणि त्याची शिक्षा वेगळी. जुन्या संहितेतले हे कलम ७१ आता भारतीय न्याय संहितेत कलम ९ म्हणून आले आहे.

बळी अनेक असले की एकाच कृतीचे आरोप कसे वाढतात, हे मुंबईच्या एका प्रकरणात दिसले. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अलिस्टर परेरा याच्या मोटारीखाली फूटपाथवर झोपलेले सात मजूर ठार झाले, आठ जखमी झाले. मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवध आणि जखमींबद्दल गंभीर दुखापत, असे दोन्ही आरोप एकाच वेळी कसे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १२ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयाने सांगितले की दोन्ही आरोप सोबत राहू शकतात. तीन वर्षांची शिक्षा कायम झाली. सात माणसांच्या जिवाला तीन वर्षे फार कमी, असे तेव्हा अनेकांना वाटले, आणि निकालातही शिक्षा अपुरी असल्याची भावना स्पष्ट दिसते.

६. गावोगावच्या फिर्यादी

खटल्याआधीची पायरी म्हणजे गुन्हा नोंदवणे. एकाच घटनेबद्दल दहा पोलीस ठाण्यांत दहा एफआयआर झाले तर? अजून खटलाही उभा नाही आणि शिक्षाही नाही, त्यामुळे घटनेचे कलम २०(२) इथे लागू होत नाही. ही पोकळी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये केरळच्या टी. टी. अँटनी खटल्यात भरली. त्याच घटनेबद्दल पुन्हा एफआयआर नोंदवता येत नाही, नंतर मिळालेली माहिती पहिल्याच तपासात जोडायची. २०२० मध्ये पालघरच्या झुंडबळीवरील एका वृत्तवाहिनीच्या कार्यक्रमावरून संपादक अर्णब गोस्वामी यांच्यावर अनेक राज्यांत गुन्हे दाखल झाले. १९ मे २०२० रोजी न्यायालयाने नागपूरहून मुंबईला वर्ग झालेला एक ठेवून त्याच विषयावरचे बाकीचे रद्द केले. तपास मात्र थांबवला नाही.

बांधावरच्या भांडणात मात्र हा नियम चुकीचा समजला जातो. भावकीत मारामारी झाली, एका भावाने फिर्याद दिली, पाठोपाठ दुसऱ्याने उलट फिर्याद दिली. ही दुसरी फिर्याद चालते. ती त्याच घटनेची दुसरी बाजू आहे आणि तिथले आरोपी वेगळे आहेत.

७. न वटलेला चेक

एका प्रश्नावर खुद्द सर्वोच्च न्यायालयातच मतभेद आहेत, आणि तो तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदारांच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. समजा, एका व्यापाऱ्याने बागेतला माल उचलला, चार लाखांचा चेक दिला आणि तो परत आला. बागायतदार चेक न वटल्याची फिर्याद कलम १३८ खाली करतो. व्यापाऱ्याचा पहिल्यापासून फसवण्याचाच इरादा होता असे दिसले, तर फसवणुकीचा गुन्हाही नोंदवतो. दोन्ही चालतील?

घटकांनी पाहिले तर हो. चेकच्या गुन्ह्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही, फसवणुकीत करावा लागतो. २०१२ च्या संगीताबेन पटेल निकालाने हेच सांगितले. पण त्याआधी २०११ च्या कोल्ला वीर राघव राव निकालाने म्हटले होते की घटना तीच असेल तर संहितेच्या कलम ३०० मुळे दुसरा खटला चालत नाही. हा विरोध लक्षात आल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये दोन न्यायाधीशांनी प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. अशा प्रकरणात अडकलेल्याने, तो बागायतदार असो वा व्यापारी, वकिलाकडून या दोन्ही निकालांची माहिती घेऊनच पुढे जावे.

८. खरेच सुटला का?

दुसऱ्या खटल्याला आडकाठी होते ती निर्दोष मुक्तता. फिर्याद फेटाळली जाणे किंवा आरोप ठेवण्याआधीच आरोपीला वगळले जाणे म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, हे संहितेतच स्पष्ट लिहिले आहे. नवा पुरावा आला की असे प्रकरण पुन्हा उभे राहू शकते.

अपील हाही दुसरा खटला नव्हे, तो पहिल्याचाच पुढचा टप्पा. नौदल अधिकारी कावस नानावटी यांना १९५९ मध्ये मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. १९६० मध्ये नानावटींना जन्मठेप झाली. अपिलात निकालच रद्द झाला तर फेरखटलाही होतो. बडोद्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडातले २१ आरोपी जून २००३ मध्ये सुटले. साक्षीदारांवर दबाव आल्याचे समोर आले आणि एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुक्तता रद्द करून खटला महाराष्ट्रात हलवला. २००६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नऊ जणांना दोषी ठरवले, त्यातले पाच २०१२ मध्ये उच्च न्यायालयात सुटले. यात दुहेरीपणा नव्हता, कारण पहिला निकाल उरलाच नव्हता.

वाहनचालकांनी एक सापळा ओळखून ठेवावा. खंबाटकी घाटात धडक झाली, समोरचा जखमी झाला. चालकाने कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला. पुढे तो जखमी दगावला, तर मृत्यूबद्दल नवा खटला चालू शकतो, कारण पहिल्या वेळी तो परिणाम घडलेलाच नव्हता. प्रकरण लवकर मिटावे म्हणून कबुली देण्याआधी जखमीची प्रकृती विचारणे माणुसकीचे आहे आणि शहाणपणाचेही.

आधीच्या निकालाचा एक फायदा मात्र आरोपीला दुसऱ्या, वेगळ्या खटल्यातही होतो. १९५० च्या दशकात पंजाबच्या प्रीतम सिंग खटल्यात आरोपी रिव्हॉल्व्हर बाळगल्याच्या आरोपातून आधीच सुटला होता. त्यामुळे तेच रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे सापडले हा पुरावा खुनाच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

९. हद्द बदलली तर?

१९४८ पर्यंत आजच्या सातारा-सांगली भागात कायद्याच्या अनेक हद्दी होत्या. सातारा जिल्हा ब्रिटिशांचा, तर औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने. कुंडल आणि आटपाडी औंधकडे होती. प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना या हद्दींचा आधार मिळाला तो याच कारणाने. आज भारतात फौजदारी न्यायव्यवस्था एकच आहे, सातारच्या कोर्टाचा निकाल बेळगावलाही बंधनकारक असतो. अमेरिकेत तसे नाही. तिथे राज्य आणि संघराज्य ही दोन वेगळी सार्वभौम सत्ताकेंद्रे मानतात, आणि एकाच कृतीसाठी दोघेही खटला चालवू शकतात. २०१९ मध्ये गॅम्बल खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायम ठेवला.

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हाच प्रश्न दोन देशांत आला. तहव्वूर राणा याला जून २०११ मध्ये शिकागोच्या ज्यूरीने मुंबई हल्ल्याला साहाय्य करण्याच्या कटाच्या आरोपातून सोडले, डेन्मार्कमधला कट आणि लष्कर-ए-तैयबाला मदत यांबद्दल मात्र दोषी ठरवले. भारताने ताबा मागितला तेव्हा त्याने प्रत्यार्पण कराराच्या कलम ६ वर बोट ठेवले: याच अपराधातून सुटलेल्याला सोपवता येत नाही. १५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने म्हटले की करारातला 'अपराध' हा शब्द घटकांबद्दल आहे, कृतीबद्दल नाही, आणि भारताच्या आरोपांचे घटक वेगळे आहेत. आपटे खटल्यातली १९६० ची कसोटी सातासमुद्रापार जवळजवळ त्याच रूपात दिसली. १० एप्रिल २०२५ रोजी राणाला दिल्लीत आणले गेले.

इंग्लंडने तर २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत भक्कम नवा पुरावा मिळाल्यास निर्दोष सुटलेल्यावरही पुन्हा खटल्याची वाट उघडली. स्टीफन लॉरेन्सच्या खुनात पूर्वी सुटलेला एक आरोपी जानेवारी २०१२ मध्ये त्यामुळेच दोषी ठरला. भारतात अशी तरतूद नाही. ती नसावी हेच बरे, कारण इथे पहिलाच खटला संपायला दहा-दहा वर्षे जातात.

१०. हातात काय ठेवावे

हे संरक्षण आपोआप मिळत नाही. दुसऱ्या कोर्टाला पहिल्या निकालाची माहिती असतेच असे नाही. खटल्यातून सुटलेल्या किंवा शिक्षा भोगून आलेल्या प्रत्येकाने निकालपत्राची आणि आरोपपत्राची प्रमाणित प्रत कोर्टातून काढून घरी जपून ठेवावी. त्याच घटनेवरून नवे समन्स आले तर पहिल्याच तारखेला ती दाखवावी, आणि नवा आरोप आधीच ठेवता आला असता तर राज्य सरकारची संमती घेतली आहे का, हे वकिलामार्फत विचारावे. वकील परवडत नसेल तर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कोठडीत असलेले आणि ठरलेल्या मर्यादेखाली उत्पन्न असलेले यांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी साधा अर्ज पुरतो.